लेकीचा डावा डोळा आणि रोजचे दोन तास

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही इचलकरंजीला राहतो. मिस्टर यंत्रमागावर असतात, रात्रपाळीच जास्त. मी गारमेंटमध्ये शिलाईला जाते, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. थोरली लेक साडेचार वर्षांची, लहान गटात आहे. धाकटा दोन वर्षांचा. शाळेत डोळे तपासायला आले होते, त्यांनी चिठ्ठी दिली म्हणून मिरजेला दाखवलं. तीन दिवस डोळ्यांत मलम घालून पुन्हा तपासलं. उजव्या डोळ्याला प्लस दीड, डाव्याला प्लस पाच नंबर, आणि डावा डोळा आळशी झालाय असं सांगितलं. चष्मा दिला. दोन महिन्यांनी गेलो तर डावा ६/३६ वरून ६/२४ वर आलाय म्हणाले. आता रोज दोन तास उजव्या डोळ्यावर पट्टी लावायची आहे.

माझा विश्वासच बसत नाही. ही पोरगी माझ्या शेजारी बसून तांदळातले खडे वेचते. डोळे तिरळे नाहीत, कधी तक्रार नाही. सासूबाई म्हणतात, पोटात असताना ग्रहणात मी भाजी चिरली होती, ते भोवलं. जाऊबाई म्हणतात, मोबाईल दाखवून जेवू घातलं म्हणून झालं. सासूबाईंचा मोतीबिंदू गेल्या वर्षी काढला. त्यांचं म्हणणं, मला सत्तरीला ऑपरेशन करून लख्ख दिसायला लागलं, मग एवढ्याशा पोरीला आत्ताच पट्ट्या कशाला, मोठी झाली की बघू. पट्टी लावली की ती रडते, मिस्टरांना बघवत नाही, ते काढून टाकतात. शाळेत मुलं ढापणी म्हणतात. मुलीच्या जातीला एवढा जाड चष्मा, पुढं कसं व्हायचं, हे रोज ऐकते. मी मशिनवर बसल्या बसल्या रडते. लोक म्हणतात, एवढंच ना, लोकांच्या मुलांना काय काय होतं. मग आणखीच अपराधी वाटतं. काय करू?

— एक आई

उत्तर

नमस्कार.

तुमच्या मनात जे सगळ्यात जास्त टोचतंय, त्याचं उत्तर आधी देते. लेकीचा डोळा तुमच्यामुळे असा झालेला नाही. ग्रहणात चिरलेल्या भाजीमुळे नाही, जेवताना दाखवलेल्या मोबाईलमुळेही नाही. प्लस नंबर असतो तेव्हा बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा मागून-पुढून मापापेक्षा थोडा आखूड असतो. जन्मलेल्या बहुतेक बाळांना थोडा प्लस नंबर असतोच आणि वाढीबरोबर तो उतरत जातो. काहींचा उतरत नाही, आणि काहींचा एकाच डोळ्याचा मागे राहतो. हे बरंचसं घराण्यातून येतं. ग्रहणाच्या दिवशी या देशातल्या कितीतरी गरोदर बाया शेतात असतात, चुलीपुढं असतात, मशिनवर असतात, आणि त्यांची मुलं नीट बघत असतात. मोबाईल कमी करा, जरूर करा, त्याला दुसरी चांगली कारणं आहेत. पण प्लस पाचचा नंबर मोबाईल देत नाही.

आता खड्यांचं. लहान मुलांची तपासणी करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि हे वाक्य मी वेगवेगळ्या रूपांत सतत ऐकत आलेय: ती तर जमिनीवर पडलेली सुई शोधून देते, तो तर लांबून बसची पाटी ओळखतो. आईबाप खरंच सांगत असतात. खडे तिला दिसतात ते उजव्या डोळ्यानं. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा सगळं काम उरकतो, म्हणून मुलाला काही कमी पडत नाही आणि घरच्यांना काही खटकत नाही. शिवाय जन्मापासून असंच दिसत असेल तर दुसऱ्या तऱ्हेनं दिसतं हे मुलाला कळणार कसं? ते तक्रार करत नाही. तुमच्या लक्षात आलं नाही यात तुमचं काही चुकलेलं नाही. डोळे तिरळे नसतील तर हे घरात बसून लक्षात येण्यासारखं नसतंच. एकेक डोळा झाकून तपासला तरच कळतं. शाळेत कुणी तरी ते केलं, चिठ्ठी दिली, आणि तुम्ही ती चिठ्ठी ड्रॉवरमध्ये न टाकता मिरजेला गेलात. असं सगळ्यांच्या बाबतीत घडत नाही.

डोळा आळशी होतो म्हणजे काय, हे घरात तुम्हालाच सगळ्यांना समजावून सांगावं लागणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्लस नंबर असलेलं लहान मूल डोळ्यातलं भिंग फुगवून चित्र स्पष्ट करून घेऊ शकतं. अडचण अशी की भिंग फुगवायचा हुकूम मेंदूकडून दोन्ही डोळ्यांना सारखाच जातो. उजव्याचं दीडपुरतं फुगलं की त्याला स्पष्ट दिसतं आणि मेंदू तिथंच थांबतो. डाव्याला पाचपर्यंत जायचं असतं, त्याचं चित्र पुसटच राहतं. रोज, सतत, पुसट. वर्गात एकच मूल सारखं हात वर करून बरोबर उत्तर देत असेल तर बाई त्यालाच विचारत जातात आणि मागच्या बाकावरचं मूल हळूहळू गप्प होतं. तसं डाव्या डोळ्याचं झालंय. डोळ्याला आतून काही इजा नाही. पडदा ठीक असतो, नस ठीक असते. त्या डोळ्याकडून आलेलं चित्र वाचायला मेंदू शिकलेला नाही, एवढंच.

यातूनच दोन गोष्टी कळतात, ज्या पुष्कळ घरांत गोंधळ घालतात. पहिली: चष्मा लावल्या लावल्या डाव्या डोळ्यानं स्पष्ट दिसणार नव्हतंच. चष्म्यानं चित्र स्वच्छ पोचतं, वाचायला शिकणं त्यानंतर सुरू होतं. ‘चष्मा लावूनही दिसत नाही, मग उपयोग काय’ म्हणून कितीतरी चष्मे कपाटात जातात. तुमच्याकडे तर नुसत्या चष्म्यानं दोन महिन्यांत ६/३६ चं ६/२४ झालं. म्हणजे इतर मुलांना जे २४ मीटरवरून ओळखता येतं ते तिला डाव्या डोळ्यानं ६ मीटरवरून ओळखता येतं. आधी तेच ३६ मीटरचं होतं. तक्त्यावर ती एक ओळ खाली उतरली आहे. पत्रात हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, मला तर ती सगळ्यात मोठी बातमी वाटली. दुसरी गोष्ट: नंबर वेगळा आणि आळशीपणा वेगळा. आळशीपणावर उपचार आहेत. नंबर मात्र राहू शकतो, आणि तिला बरीच वर्षं, कदाचित कायम, चष्मा लागेल. हे आत्ताच मनाशी धरून ठेवा, म्हणजे दर वेळी तपासणीतून ‘नंबर गेला का’ हे ऐकायला कान टवकारून बसावं लागणार नाही. तिथं विचारायचा प्रश्न आहे: चष्मा लावून डावा डोळा आता कितवी ओळ वाचतो?

सासूबाईंच्या मोतीबिंदूचा मुद्दा तुम्ही लिहिलात हे फार बरं झालं. त्या जे बोलतात त्यात एक खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर त्यांना आदरानं द्यायला हवं. त्यांना सत्तरीला लख्ख दिसायला लागलं, कारण त्यांच्या मेंदूनं बघण्याचं शिक्षण लहानपणीच पुरं केलं होतं. मध्ये काही वर्षं भिंग गढूळ झालं, ते बदललं, जुनं शिक्षण शाबूत होतं. हाच मोतीबिंदू एखाद्या बाळाला जन्मतः असेल तर डॉक्टर आठवडे मोजतात, कारण बाळानं बघायला शिकायचंच राहून जातं. उशिरा कितीही सुंदर ऑपरेशन केलं तरी नजर पूर्ण येत नाही. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर हेच दाखवलं. जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात एक डोळा बंद राहिला तर मेंदूतल्या त्याच्या वाट्याच्या पेशी दुसऱ्या डोळ्याच्या कामाला लागतात; मोठ्या मांजराचा डोळा बंद ठेवला तर तसं होत नाही. त्या दोघांना १९८१ साली नोबेल मिळालं. सासूबाईंना नोबेलचं सांगू नका, त्यांचंच उदाहरण द्या: ‘आई, तुम्ही लहानपणी दोन्ही डोळ्यांनी बघायला शिकलात म्हणून आता ऑपरेशननं दिसलं. हिचं ते शिकायचं वय आत्ता चाललंय.’ आणि पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकून विचारल्यावर नात अडखळते, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं की मग कुणी समजवायची गरज उरत नाही.

मोठी झाली की बघू, हा या आजारातला सगळ्यात महाग पडणारा सल्ला आहे. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू सहज वळतो. त्यानंतर दारं एकदम बंद होतात असं नाही. सात ते बारा वयाच्या मुलांनाही उपचारांनी फायदा झालेला दिसला आहे, आणि आधी कधीच उपचार न झालेल्या त्याहून मोठ्या काही मुलांनाही. म्हणून ज्यांच्या मुलांचं उशिरा लक्षात आलं त्यांनी हा मजकूर वाचून हातपाय गाळू नयेत, डॉक्टरांना दाखवावं. पण साडेचार वर्षांच्या पोरीला जे काही महिन्यांत जमू शकतं त्यासाठी दहा वर्षांच्या मुलाला जास्त झगडावं लागतं आणि तरी थोडं कमीच हाती लागतं. तुमच्या लेकीचं वय आज तिच्या बाजूनं आहे.

आता पट्टी. चांगला डोळा झाकून कमजोर डोळ्याला कामाला लावायचं ही युक्ती जुनी आहे. फ्रान्सच्या ब्युफाँ या निसर्गशास्त्रज्ञानं १७४३ साली ती लिहून ठेवली होती. पूर्वी मुलांना दिवसदिवसभर पट्टी लावत. २००३ साली अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या एका गटानं सात वर्षांखालच्या मुलांवर दोन तास आणि सहा तास अशी तुलना केली. मध्यम आळशीपणात, म्हणजे साधारण ६/१२ ते ६/२४ मध्ये, चार महिन्यांनी दोन्हींचा परिणाम सारखाच निघाला. तुमची लेक यातच मोडते. डॉक्टरांनी दोन तास सांगितलेत ते कमी समजून स्वतःहून चार-पाच तास करू नका. आणि तिचं रडणं बघवत नाही म्हणून अर्ध्या तासावरही आणू नका. ठरलेले दोन तास, रोजच्या रोज, यातच सगळं आहे.

पट्टी कशी लावायची तेही सांगते, कारण ऐनवेळी गडबड होते. पट्टी उजव्या डोळ्यावर, थेट कातडीला चिकटणारी, आणि तिच्यावरून चष्मा. चष्म्याशिवाय नुसती पट्टी लावली तर डावा डोळा पुन्हा पुसट चित्रच बघत बसतो. चष्म्याच्या काचेवर चढवायच्या कापडी टोप्या मिळतात, पण लहान मुलं त्यांच्या कडेनं हळूच चांगल्या डोळ्यानं बघतात. लावण्याआधी चेहऱ्याला तेल, पावडर, क्रीम नको, पट्टी धरत नाही. काढताना ओल्या कापडानं कडा भिजवून हलकेच काढा, मग हवं तर खोबरेल लावा. पट्टीची रुंद बाजू एक दिवस नाकाकडे, एक दिवस कानाकडे केली तर कातडी लाल होत नाही. तरी पुरळ आलंच तर दुसऱ्या प्रकारची पट्टी मागा, उपचार थांबवू नका. हे दोन तास जागेपणीचे हवेत. झोपेतली पट्टी धरायची नाही.

वेळेचं गणित तुमच्या घरात अवघड आहे, ते दिसतंय. सहाला दमून घरी यायचं, स्वयंपाक, धाकटा, आणि त्यातच किरकिरणाऱ्या पोरीला पट्टी, हे तुमच्या एकटीच्या अंगावर टाकलं तर पंधरा दिवसांत मोडेल. म्हणून वाटून घ्या. पुष्कळ डॉक्टर दोन तासांचे एकेक तासाचे दोन भाग करायला परवानगी देतात, तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. मग सकाळचा तास तुमचा, वेणीफणी आणि नाश्त्याच्या वेळचा. दुसरा तास ती शाळेतून आल्यावर, जेवण झाल्यावर, आजीचा. शाळेत पट्टी लावून पाठवू नका. दोन तास घरी सहज होतात, आणि तिच्या वाट्याची चिडवाचिडवी तेवढी वाचते. चष्मा मात्र शाळेतही हवा, उठल्यापासून झोपेपर्यंत.

आजींना हा तास मनापासून द्या, नाइलाज म्हणून देऊ नका. त्या वेळेपुरती गोष्ट राखून ठेवायला सांगा: पट्टी लागली की आजीची गोष्ट सुरू होणार, इतर वेळी नाही. गोष्ट ऐकता ऐकता हात आणि डोळे चालू राहतील असं काही द्या, शेंगा सोलणं, मणी ओवणं, रंगीत खडूनं चित्र. जवळचं बारीक काम केलं तर जास्त फायदा होतो असं पूर्वी मानत. तपासून पाहिल्यावर तसा फरक दिसला नाही. तेव्हा अंगणात चेंडू खेळली, धाकट्याशी मस्ती केली तरी चालेल. फक्त पहिले काही दिवस जिन्यावर, रस्त्यावर, चुलीजवळ एकटी सोडू नका, तिला खरंच कमी दिसत असतं. ती रडते ते त्याचमुळे. तिचा हट्ट नाही तो. स्पष्ट दिसणारं जग आपण तिच्याकडून दोन तासांसाठी काढून घेतो, मग ती रडणार नाही तर काय करणार? तिला तसंच सांगा: ‘आता थोडं कमी दिसेल, मला माहितीये. डाव्या डोळ्याला शिकवतोय ना आपण.’ खोटं सांगू नका की काहीच होत नाही. सुरुवातीला दहा मिनिटं, वीस मिनिटं करत आठवड्याभरात पूर्ण वेळेवर या. जसजशी डाव्याची नजर वाढते तसतसं रडणं आपोआप ओसरतं. हे मी इतक्या मुलांत पाहिलंय की तुम्हाला खात्रीनं सांगते.

तिच्या बाहुलीलाही एक पट्टी चिकटवा, आजींच्या चष्म्यालाही एखाद्या दिवशी. पट्टीवर तिला हवं ते चित्र काढू द्या. भिंतीवरच्या कालनिर्णयवर पट्टी पूर्ण झालेल्या तारखेला तिच्याच हातानं एक टिकली लावून घ्या. महिनाअखेर ते पान तपासणीला घेऊन जा. रिकाम्या तारखा लपवू नका. किती दिवस खरंच पट्टी लागली हे डॉक्टरांना कळलं नाही तर उपचार कमी पडतोय की पट्टीच लागत नाही हे त्यांना ठरवता येत नाही. चॉकलेट आणि मोबाईल हे पट्टीचं बक्षीस करू नका, पुढं तेच निस्तरत बसावं लागतं.

मिस्टरांबद्दल. ते पट्टी काढतात ती मायेनं, यात शंका नाही. रात्रभर मागाच्या आवाजात काढून घरी आलेल्या माणसाला लेकीचं रडणं सोसवत नाही. त्यांच्यावर चिडून उपयोग होणार नाही. एखादं काम पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा. सुट्टीच्या दिवसाची पट्टी बाबांची, आणि त्या वेळेत लेकीला घेऊन गच्चीवर जायचं, पतंग बघायचे, काहीही. आणि एकदा त्यांना स्वतःचा एक डोळा घट्ट झाकून, दुसऱ्यासमोर धुरकट प्लास्टिक धरून चार पावलं टाकायला सांगा. डाव्या डोळ्याचं जग तिला असं दिसतं. ते असंच राहू द्यायचं का, हे मग त्यांना ठरवू दे. आणखी एक गोष्ट त्यांना सांगण्यासारखी आहे: उद्या उजव्या डोळ्याला काही लागलं, तर तिच्यापाशी उरतो तो हाच डोळा. म्हणूनच चष्म्याच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या घ्या, त्या सहजी फुटत नाहीत. धनुष्यबाण, फटाके, पतंगाचा मांजा, रंगपंचमीचे फुगे यांपासून तिला इतर मुलांपेक्षा जास्त जपा.

पट्टी अजिबातच जमली नाही तर? तर आणखी एक मार्ग आहे. चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून त्याची जवळची नजर काही काळ धूसर करतात, म्हणजे जवळचं बघायला डावा डोळा पुढं येतो. मध्यम आळशीपणात सहा महिन्यांनी थेंब आणि पट्टी यांचा परिणाम जवळजवळ सारखा आलेला आहे. मात्र हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करायचं नाही. बाटली धाकट्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची, कारण पोटात गेलं तर ते विष आहे. मध, गुलाबपाणी, घरगुती अर्क डोळ्यांत घालू नका. गाजर, पालेभाजी खुशाल खाऊ घाला, तब्येतीला चांगली. अ जीवनसत्त्व कमी पडून होणारा रातांधळेपणा हा निराळा आजार आहे, तिला तो नाही. ‘चष्मा घालवून देतो’ म्हणणाऱ्यांच्या व्यायामांवर या वयात वेळ घालवू नका.

शाळेत तुम्ही स्वतः जा. बाईंना चिठ्ठी पाठवण्यापेक्षा पाच मिनिटं बोला. चष्मा दिवसभर राहिला पाहिजे, खेळताना काढून दप्तरात टाकू नये, आणि ढापणी हा शब्द वर्गात चालणार नाही, एवढं सांगा. बहुतेक बाई मनावर घेतात. लेकीच्या तोंडी एक उत्तर देऊन ठेवा: ‘हा माझा डोळ्याला शिकवायचा चष्मा आहे.’ चार-पाच वर्षांच्या मुलांना कारण मिळालं की त्यांचं कुतूहल भागतं. चष्म्याच्या मागं पट्टा लावून घ्या, फ्रेम नाकावरून घसरणारी नको. घसरलेल्या चष्म्याच्या वरून मूल बघत राहिलं तर चष्मा असून नसल्यासारखा.

मुलीच्या जातीला चष्मा, यावर मी भांडणार आहे. सासूबाईंनी ज्या काळात संसार केला त्या काळात मुलीचं सगळं लग्नावर येऊन थांबायचं, त्यांची भीती त्या काळातून आली आहे. तरीही हे वाक्य लेकीच्या कानावर एकदाही पडता कामा नये, आणि हे तुम्ही ठामपणे सांगायला हवं. साडेचार वर्षांच्या मुलीला ‘लग्न’ कळत नाही, पण आपल्यात काही तरी खोट आहे हे लगेच कळतं. मग ती चष्मा लपवायला शिकते, पाहुणे आले की काढून ठेवते, आणि उपचार तिथंच बुडतो. मुलींचे चष्मे मुलांच्या चष्म्यांपेक्षा लवकर कपाटात गेलेले मी पाहिलेत, दर वेळी याच बोलण्यापायी. दोन्ही डोळ्यांनी नीट बघू शकणारी मुलगी हवी की चष्मा न लावलेली, असं स्पष्ट विचारा. आवाज न चढवता विचारा, पण विचारा.

आणि तुम्ही. मशिनवर बसून येणारं रडू खोटं नाही, ते दाबायचं कारण नाही. इतरांच्या मुलांना मोठे आजार असतात म्हणून तुमचं दुःख लहान होत नाही. लेकीबद्दल मनात धरलेलं एक चित्र होतं, त्याला तडा गेला, त्याचं वाईट वाटणारच. ‘एवढंच ना’ म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसू नका. ज्याच्यापाशी उत्तर न देता बोलता येतं अशा एका माणसाला धरा, बहीण असेल, मशिनवरची मैत्रीण असेल. तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर पट्टी लावलेल्या दुसऱ्या मुलांच्या आया बसलेल्या असतात, त्यांच्याशी बोला. शंभरात साधारण दोन-तीन मुलांना हा त्रास असतो, तुम्ही एकट्या नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कामात हात चालत नसेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

पुढं काय अपेक्षा ठेवायची? पट्टी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजतील. सुधारणा बहुतेक वेळा एकेक ओळीनं येते, मध्ये थांबते, पुन्हा सरकते. पुष्कळ मुलं ६/९, ६/१२ पर्यंत पोचतात, काही ६/६ ला, काही थोडी अलीकडेच थांबतात. नजर आली म्हणून एके दिवशी पट्टी फेकून देऊ नका. उपचार थांबल्यावर वर्षभरात साधारण चारातल्या एका मुलाची नजर पुन्हा घसरते, म्हणून वेळ हळूहळू कमी करत नेतात आणि नंतरही तपासत राहतात. मिरजेची फेरी म्हणजे तुमची एक दिवसाची हजेरी जाते, हे मला कळतं. तरी ती चुकवू नका. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची चौकशी शाळेत किंवा सरकारी दवाखान्यात करा. २०१३ पासून हे पथक अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत फिरतं. अंधत्व नियंत्रणाच्या सरकारी कार्यक्रमातून शाळकरी मुलांना मोफत चष्मेही मिळतात.

आता धाकट्याचं. बहिणीला एवढा नंबर आहे म्हटल्यावर त्याचे डोळे तपासून घ्यायलाच हवेत. तो दोन वर्षांचा आहे, अक्षरं येत नाहीत, बोलत नाही नीट, म्हणून थांबू नका. औषध घालून, डोळ्यात उजेड टाकून नंबर काढता येतो, मुलानं एक शब्दही बोलावा लागत नाही. एरवीही, हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत एखाद्या मुलाच्या एकाच बाहुलीत लालऐवजी पांढरी चमक दिसली तर आठवडा जाऊ देऊ नये, लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावं. त्यामागं मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठ असू शकते. तुमच्या धाकट्यासाठी वेगळी फेरी नको, लेकीच्या पुढच्या तपासणीलाच त्यालाही न्या. आदल्या आठवड्यात दवाखान्यात फोन करून विचारा: दोन मुलं आणतोय, धाकट्याच्या डोळ्यांत औषध आधीपासून घरी घालायचं का तिथंच घालणार?